इमेज चालते, फ्लॉपी चालत नाही

"इम्युलेटरवर तर व्यवस्थित चालतंय!" जुन्या कॉम्प्युटरांच्या नादी लागलेल्या प्रत्येकाच्या तोंडून हे वाक्य कधी ना कधी निघतंच, आणि त्यात तक्रारीपेक्षा अपमान जास्त असतो. इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम; त्याच्या खिडकीत कमोडोर ६४ हा जुना कॉम्प्युटर सुरू होतो, डिस्कवरची यादी झरझर येते, खेळ उघडतो. तीच इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची फाइलीतली प्रत, खऱ्या फ्लॉपीवर उतरवून खऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की वाचणारं-लिहिणारं हेड खडखडतं, दिवा लुकलुकतो आणि पुढे काहीच नाही. मग माणूस केबलवर संशय घेतो, फ्लॉपीवर घेतो, ड्राइव्हवर घेतो, ज्याने ड्राइव्ह विकला त्याच्यावर घेतो. इमेजवर मात्र घेत नाही, कारण ती तर 'चालते'.

घोडं नेमकं इथेच पेंड खातं. इम्युलेटर हा सढळ हाताने गुण देणारा परीक्षक आहे. फाइलीचं नाव बघून, आकार बघून, प्रसंगी आत डोकावून तो अंदाज बांधतो की विद्यार्थ्याला बहुतेक असं म्हणायचं असावं, आणि पास करून टाकतो. खरं यंत्र असला अंदाज बांधत नाही. त्याला चुंबकीय थरावर अमुक ठिकाणी अमुक खूण हवी असते. असली तर पुढे जातं, नसली तर हेड शून्य ट्रॅकवर (ट्रॅक म्हणजे चकतीवरचा गोल पट्टा, शून्य सगळ्यात बाहेरचा) नेऊन पुन्हा प्रयत्न करतं. त्यामुळे इमेज फ्लॉपीवर उतरवताना बिघाड झाला की मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: इम्युलेटरने काय विचारायचं सोडून दिलं होतं?

सगळ्यात आधी त्याने बाइट नीट मोजलेले नसतात. मी मोजते. '१७१ केबी' असला गोळाबेरीज आकडा नको, शेवटच्या अंकापर्यंतचा हिशोब हवा. कमोडोरच्या १५४१ ड्राइव्हची साधी इमेज १,७४,८४८ बाइटची असते, आणि हा आकडा आकाशातून पडलेला नाही. चकती एकाच वेगाने फिरते, पण बाहेरचे ट्रॅक लांबीला जास्त, म्हणून त्यांच्यात सेक्टरही (ट्रॅकचे तुकडे) जास्त बसवलेत: १ ते १७ ट्रॅकवर प्रत्येकी २१, १८ ते २४ वर १९, २५ ते ३० वर १८ आणि ३१ ते ३५ वर १७. बेरीज ६८३. प्रत्येक सेक्टर २५६ बाइटचा. गुणाकार करून बघा. अमिगा या कॉम्प्युटरची इमेज ९,०१,१२० बाइट: ८० ट्रॅक, दोन बाजू, ११ सेक्टर, ५१२ बाइट. पीसीची ३६० केबीची फ्लॉपी ३,६८,६४०. अ‍ॅपल टूची १,४३,३६०. हे आकडे आता फोन नंबरांसारखे तोंडपाठ झालेत (खरं तर फोन नंबर आता कुणाला पाठ असतात म्हणा).

या आकड्यांचा उपयोग कळतो तो फरक पडल्यावर. कमोडोरची फाइल १,७५,५३१ बाइटची निघाली, तर वाढलेले बाइट बरोबर ६८३ आहेत. म्हणजे शेवटी प्रत्येक सेक्टरमागे एक बाइट जोडलाय, त्या सेक्टरवर मुळात कोणती चूक येत होती ते सांगणारा. काही जुने खेळ मुद्दाम तशी चूक शोधत असत, ती मिळाली नाही तर अडून बसत. फ्लॉपी लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने ती शेपटी दुर्लक्षिली तर डेटा अगदी बरोबर उतरतो आणि खेळ तरीही चालत नाही. मॅकिंटॉशची ८०० केबीची इमेज ८,१९,२०० ऐवजी ८,१९,२८४ बाइटची असेल, तर वरचे ८४ बाइट हे डिस्क कॉपी ४.२ या प्रोग्रॅमने पुढे लावलेलं मथळ्याचं पान आहे. ते न काढता फाइल जशीच्या तशी ओतली, तर सगळा डेटा ८४ बाइटांनी पुढे सरकतो. पहिल्या सेक्टरात बूट कोडच्या (मशीन सुरू करणाऱ्या सूचनांच्या) जागी डिस्कचं नाव जाऊन बसतं. इम्युलेटर ते पान ओळखतो आणि मुकाट्याने बाजूला ठेवतो. ड्राइव्हला त्याची कल्पनाच नसते. अटारीच्या ८ बिटी मशीनच्या ९२,१७६ बाइटांतले पहिले १६ असेच. व्हर्च्युअल पीसी या इम्युलेटरच्या ठरावीक आकाराच्या हार्ड डिस्क फाइलीत हे पान शेवटी असतं, ५१२ बाइटांचं, आणि त्याची सुरुवात 'कोनेक्टिक्स' या अक्षरांनी होते. शेपटीचा त्रास सहसा होत नाही. मथळ्याचा होतोच.

मग फाइल वाटेत बदलणं आलं. जुन्या मशीनपर्यंत इमेज पोचवायला पुष्कळदा सिरियल केबल हाच धड रस्ता असतो, आणि एक्समोडेम हा फाइली पाठवायचा जुना प्रोटोकॉल अजून कामाला येतो. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी तो १९७७ मध्ये लिहिला. तो फाइल १२८ बाइटांच्या गठ्ठ्यांत पाठवतो आणि शेवटचा गठ्ठा पुरा भरला नाही तर त्यात भर घालतो, बहुधा सोळाच्या मोजणीतल्या १ए या बाइटाची. १,७४,८४८ ला १२८ ने पूर्ण भाग जातो, तिथे काही बिघडत नाही. पण तीच चुकांच्या शेपटीवाली १,७५,५३१ ची फाइल पलीकडे १,७५,६१६ ची होऊन पडते, ८५ बाइट जास्त. मग आकार बघून इमेज ओळखणारा प्रोग्रॅम ती नाकारतो आणि आपण केबल बदलत बसतो. नेटवर्कवरून फाइल पाठवणारा एफटीपी चुकून मजकुराच्या मोडमध्ये राहिला तर त्याहून वाईट: शून्य-ए (ओळ संपल्याची खूण) हा बाइट दिसला की त्याच्या अलीकडे शून्य-डी घुसतो, आणि फाइल जागोजागी फुगते. इमेजचा आकार कशाशीच जुळत नाही, विषम-बिषम काहीतरी येतो, तेव्हा माझा पहिला संशय यावर असतो. आकार तपासायला क्षणही लागत नाही. तरी लोक आधी ड्राइव्हचे स्क्रू काढतात.

आकार जुळला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. बाइट तितकेच, तेच, पण क्रम वेगळा, अशी अवस्था असू शकते, आणि या बाबतीत अ‍ॅपल टूइतकं शिकवणारं यंत्र दुसरं नाही. स्टीव्ह वॉझनियॅकने बनवलेला डिस्क टू ड्राइव्ह १९७८ चा. १९८० च्या डॉस ३.३ या अ‍ॅपलच्या ऑपरेटिंग सिस्टिमपासून त्याच्या प्रत्येक ट्रॅकवर १६ सेक्टर बसू लागले. पण इमेजमध्ये हे १६ सेक्टर कोणत्या क्रमाने मांडायचे याच्या दोन रीती पडल्या, एक डॉसची आणि एक नंतरच्या प्रोडॉसची. दोन्ही फाइली १,४३,३६० बाइटच्या. नावाची शेपटीही पुष्कळदा एकच. इम्युलेटर आत डोकावून, यादी कुठे सापडते ते बघून ठरवतो. लिहिणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला तुम्ही सांगाल तो क्रम.

आता समजा क्रम चुकला. दोन रीतींमधला फरक असा की शून्य आणि १५ हे सेक्टर दोन्हींत आपापल्या जागी राहतात, मधले १४ उलटे होतात: १ च्या जागी १४, २ च्या जागी १३, असे. त्यामुळे बूट करताना मशीन ट्रॅक शून्य, सेक्टर शून्य वाचतं आणि तो बरोबर निघतो! ड्राइव्ह नेहमीसारखा घरघरतो, डिस्क ओळखल्यासारखं वाटतं, आणि पुढचा सेक्टर आणायला गेल्यावर सगळं कोलमडतं. फ्लॉपी खराब असावी असंच कुणालाही वाटेल.

खरी गंमत दुसऱ्या ड्राइव्हमध्ये दिसते. चांगल्या डिस्कने मशीन सुरू करून या चुकीच्या फ्लॉपीची यादी मागितली, तर ती येते! डॉस ३.३ चा जागांचा तक्ता ट्रॅक १७, सेक्टर शून्यवर असतो, म्हणजे शाबूत. यादीचा पहिला सेक्टर ट्रॅक १७, सेक्टर १५ वर, तोही शाबूत. एका सेक्टरात सात नावं मावतात. तेव्हा पहिली सात नावं अगदी नीट दिसतात. यादीचा पुढचा दुवा सेक्टर १४ कडे जातो, आणि तिथे आता मूळचा सेक्टर १ येऊन बसलेला असतो, यादीचा अगदी शेवटचा तुकडा, बहुतेक डिस्कांवर कोरा. कोरी नोंद दिसली की मशीन समजतं, यादी संपली. ना चूक, ना इशारा. सात फाइलींची एक सुबक डिस्क, जिच्यातली फाइल उघडायला गेलं की कचरा. ही 'साताची यादी' दिसली की फ्लॉपीला हातही लावायचा नाही, इमेजचा क्रम बदलून पुन्हा लिहायची. चुंबक, हेड, केबल सगळे निर्दोष असल्याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

आठ इंची फ्लॉप्या आणि सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाबतीत हाच घोळ वेगळ्या वेषात भेटतो. ७७ ट्रॅक, २६ सेक्टर, १२८ बाइट, एकूण २,५६,२५६. पण सेक्टर लागोपाठ न वाचता सहा-सहाच्या उडीने वाचायचे. इमेज उडी मारून घेतली की सरळ, हे फाइलीवर कुठेच लिहिलेलं नसतं. यादी अर्धवट ओळखीची आणि अर्धवट अगम्य दिसली की समजायचं.

इथवरचा सगळा मामला फाइलीचा होता, खुर्चीतून न उठता सुटणारा. पुढे चुंबक सुरू होतो, आणि चुंबकाबद्दल इम्युलेटरला काहीच ठाऊक नसतं.

सव्वापाच इंची फ्लॉपीचं उदाहरण घ्यायलाच हवं, कारण तिच्यामुळे जितके तास वाया गेलेत तितके दुसऱ्या कशाने गेले नसतील. जुन्या पीसीचा ३६० केबीचा ड्राइव्ह ४० ट्रॅकचा, इंचाला ४८. नंतरचा १.२ एमबीचा ८० ट्रॅकचा, इंचाला ९६. नव्या ड्राइव्हचं हेड अर्थातच अरुंद, जवळपास निम्म्या रुंदीचं. तो एक सोडून एक पाऊल टाकत ४० ट्रॅकची फ्लॉपी लिहू शकतो, म्हणून इमेज उतरवायला लोक तोच वापरतात. ३६० केबीचा धडधाकट ड्राइव्ह आधुनिक मशीनला जोडलेला असतो कुणाकडे? आता ती फ्लॉपी पूर्वी जुन्या, रुंद हेडच्या ड्राइव्हवर लिहिलेली असेल तर काय होतं ते बघा. जुना रुंद पट्टा तसाच आहे. त्याच्या मधोमध नव्या हेडने अरुंद पट्टा लिहिला. दोन्ही कडांना जुना डेटा शिल्लक. नव्या ड्राइव्हमध्ये वाचली तर त्याचं अरुंद हेड मधलाच पट्टा बघतं, सगळं उत्तम, पडताळणी पास. जुन्या मशीनमध्ये घातली तर रुंद हेडला नवा आणि जुना दोन्ही एकदम ऐकू येतात, आणि त्याला धड काहीच उमजत नाही.

म्हणजे ज्या ड्राइव्हने लिहिलं त्याच्याच साक्षीवर फ्लॉपी निर्दोष ठरली! यावर फॉरमॅट करून काही होत नाही, कारण फॉरमॅटही त्याच अरुंद हेडने होतो. फ्लॉपी आधी चुंबकाने सगळी पुसून काढावी लागते, अगदी कोरी, फॉरमॅटही न उरेल अशी. त्यासाठी टेपा पुसायचं जुनं इरेझर मिळतं. तशा कोऱ्या फ्लॉपीवर अरुंद पट्ट्याच्या बाजूला आवाज करणारं काही उरत नाही, आणि जुना ड्राइव्ह ती बहुतेक वेळा वाचतो. आणि एकदा जुन्या मशीनने त्याच फ्लॉपीवर काही लिहिलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून अशा फ्लॉप्यांची मी वेगळी चळत ठेवते: या फक्त नेण्यासाठी, त्यांच्यावर जुन्या मशीनने काही लिहायचं नाही.

थराच्या जातीचाही प्रश्न आहे. थर चुंबकायला किती जोर लागतो ते ओर्स्टेडमध्ये मोजतात. सव्वापाच इंची साध्या घनतेच्या फ्लॉपीला सुमारे ३००, उच्च घनतेच्या फ्लॉपीला त्याच्या दुप्पट. जुन्या ड्राइव्हचं हेड तेवढा जोर लावतच नाही, त्यामुळे उच्च घनतेची फ्लॉपी कमोडोर किंवा ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. साडेतीन इंचीत मात्र दोन्ही जातींमधला फरक बराच कमी आहे. म्हणून १.४४ एमबीच्या फ्लॉपीचं कोपऱ्यातलं भोक चिकटपट्टीने झाकून तिला ७२० केबीची समजून वापरायची युक्ती चालून जाते. चालून जाते एवढंच. काही दिवसांनी तिच्यावर चुका येऊ लागल्या तर ड्राइव्हला शिव्या घालू नयेत. आणि भोक न झाकता ती अमिगात लिहून पीसीत घालू नये, कारण पीसीचा ड्राइव्ह भोक बघून वेगळ्याच घनतेने वाचायला बसतो.

तसंही अमिगाची फ्लॉपी पीसीच्या साध्या कंट्रोलरला वाचताही येत नाही आणि लिहिताही. पीसी एका ट्रॅकवर ९ सेक्टर बसवतो, मधे मोकळ्या जागा आणि ठरावीक खुणा ठेवून. अमिगा अख्खा ट्रॅक एका दमात लिहितो, त्यात ११ बसवतो, आणि पीसीच्या चिपला हव्या त्या खुणा त्यात नसतात. मॅकची ४०० आणि ८०० केबीची फ्लॉपी तर चकतीचा वेगच बदलते, मिनिटाला साधारण ३९४ ते ५९० फेऱ्या, हेड कुठे आहे त्यानुसार. यावर उपाय म्हणजे सेक्टर वगैरे विसरून थरावरचे चुंबकीय बदलच थेट टिपणारी नि लिहिणारी उपकरणं: क्रायोफ्लक्स, सुपरकार्ड प्रो, अ‍ॅपलसॉस, आणि कीर फ्रेझर यांचं ग्रीझवीझल. साध्या पीसी ड्राइव्हला ग्रीझवीझल जोडून मॅकची ८०० केबीची फ्लॉपीही लिहिता येते, कारण चकतीचा वेग बदलण्याऐवजी ते बिटांचा वेग बदलतं. माझ्या मते या छंदात गेल्या काही वर्षांत झालेली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. पण तिने एक गैरसमजही आणला: उपकरण काहीही लिहू शकतं, म्हणून कुठलीही इमेज चालेल. सेक्टरांच्या इमेजमध्ये मुळात जे टिपलंच नाही, ते लिहिणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. नकल रोखण्यासाठी दर वेळी वेगळा वाचला जाणारा कच्चा बिट, दोन ट्रॅकांच्या मधे लिहिलेला अर्धा ट्रॅक, नेहमीपेक्षा लांब ट्रॅक, हे सगळं १,७४,८४८ बाइटांच्या हिशोबात कुठेच बसत नाही. त्यासाठी जी६४ किंवा वॉझ यांसारखी, ट्रॅकवरचे बिट जसेच्या तसे ठेवणारी इमेज लागते.

ड्राइव्हही नेहमी सोवळा नसतो. १५४१ चं हेड पहिला ट्रॅक शोधायला कडेच्या अडसरावर धडका देतं, तो प्रसिद्ध खडखडाट तोच, आणि या धडकांनी वर्षानुवर्षांत हेड जागचं हलतं. हललेला ड्राइव्ह स्वतःच्या फ्लॉप्या सुखाने वाचतो, दुसऱ्याच्या नाही. त्यामुळे खरी परीक्षा तीन ठिकाणी होते: हा ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं वाचतो का, दुसऱ्याने लिहिलेलं वाचतो का, आणि याने लिहिलेलं दुसरा वाचतो का. पहिल्याचं उत्तर हो आणि बाकी दोन्हींचं नाही, तर इमेजचा विचार तिथेच थांबवायचा. मात्र त्याआधी हेडवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा. जुन्या फ्लॉपीचा सुटलेला थर हेडवर तपकिरी डाग बनून बसतो, आणि तसा डाग घेऊन हेड पुढच्या प्रत्येक फ्लॉपीवर चरे पाडत सुटतं. एका नासक्या फ्लॉपीपायी चांगली फ्लॉपी गमावणं फार जिवावर येतं.

या सगळ्याला कंटाळून लोक गोटेककडे वळतात. ड्राइव्हच्या जागी बसणारी ही पेटी पेनड्राइव्हवरच्या इमेज फ्लॉपी असल्यासारख्या दाखवते, आणि तिच्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर घातलं की पुष्कळ मशीनांशी जमवून घेते. हा फसवेगिरीचा मार्ग आहे असं म्हणणारे शुद्धतावादी मला पटत नाहीत. ज्या मशीनच्या फ्लॉप्या आता बनतच नाहीत, ते बंद ठेवण्यापेक्षा हे बरं. पण यातही एक पाचर आहे. ३४ पिनांच्या केबलवरची ३४ वी पिन पीसीच्या लेखी 'फ्लॉपी बदलली' असं सांगते, तर जुन्या शुगार्ट पद्धतीत नि अमिगावर 'ड्राइव्ह तयार आहे' असं. अमिगा फ्लॉपी बदलल्याची खबर पिन २ वर घेतो. पेटीची मांडणी चुकली तर पीसीवर विचित्र प्रकार घडतो: तुम्ही इमेज बदलता, यादी मागता, आणि आधीच्याच फ्लॉपीची यादी येते. मशीनला बदल कळलेलाच नसतो, ते आठवणीतलं वाचून दाखवतं. एवढ्यावर थांबलं तर ठीक. पण याच अवस्थेत काही लिहिलं, तर आधीच्या फ्लॉपीचा जागांचा तक्ता नव्या इमेजवर जाऊन बसतो आणि तिची वाट लागते. 'भुताची यादी' दिसली की पहिलं काम, लिहिणं बंद.

हार्ड डिस्कची इमेज कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर उतरवून जुन्या मशीनला लावणं हा वेगळाच प्रांत, पण सापळा ओळखीचा: सुरुवात बरोबर निघते. इम्युलेटरने डिस्क १६ हेड, ६३ सेक्टर अशी धरली आणि खऱ्या मशीनच्या बायोसने (सुरू होताना डिस्क ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने) हेड जास्त धरले, तर पहिल्या १६ गुणिले ६३, म्हणजे १,००८ सेक्टरांपर्यंत दोघांचा पत्ता एकच येतो. पार्टिशनचा तक्ता सापडतो, बूट सेक्टर सापडतो, कधी पीसीच्या डॉसची पहिली ओळही उमटते. त्यापुढे दोघांचे हिशोब फुटतात. १,०२४ सिलिंडर (एकावर एक आलेल्या ट्रॅकांचे गट), १६ हेड, ६३ सेक्टर आणि सेक्टरमागे ५१२ बाइट यांचा गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट, आणि जुन्या बायोसांची प्रसिद्ध मर्यादा तीच. डिस्क तिच्या आत ठेवली तर बायोसला हेड वाढवायची गरज पडत नाही आणि निम्मे तंटे उद्भवतच नाहीत. त्याहून सोपं म्हणजे पार्टिशन नि फॉरमॅट खऱ्या मशीनवर करायचं आणि इम्युलेटरमधून फक्त फाइली आणायच्या. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

अमिगावर याच कामात दोन खास अडचणी येतात. इम्युलेटर पार्टिशनच्या तक्त्याशिवायची हार्ड डिस्क फाइल खुशाल वापरतो, खऱ्या मशीनला मात्र पहिल्या १६ ब्लॉकांत रिजिड डिस्क ब्लॉक, म्हणजे त्या तक्त्याची सुरुवात, सापडलाच पाहिजे. दुसरी जास्त छुपी. कार्ड बूट होतं, छोट्या फाइली ठीक, मोठ्या फाइली मात्र बिघडलेल्या निघतात. पार्टिशनच्या सेटिंगमधली मॅक्सट्रान्सफर (एका वेळी किती बाइट मागायचे) ही किंमत सोळाच्या मोजणीत १एफई०० केली की दुरुस्त होतं. दशमानात ते १,३०,५६०, म्हणजे बरोबर २५५ सेक्टर. आयडीई या डिस्क जोडणीच्या भाषेत २५६ सेक्टर मागायचे तर मोजणीच्या रकान्यात शून्य लिहितात. २५५ वर थांबलं की तो शून्य लिहायची वेळच येत नाही. एका वेळी किती मागायचं याने इम्युलेटरला काहीच फरक पडत नाही, म्हणून तिथे हा आजार कधी दिसत नाही.

उतरवणं सगळं बिनचूक झालं आणि प्रोग्रॅम तरीही चालला नाही, असंही होतं, आणि मग तो प्रश्न आपला राहत नाही. इम्युलेटर सुरू होताना मेमरी ठरावीक नक्षीने भरतो, खऱ्या चिपांमध्ये वीज आल्यावर काय भरेल ते त्यांचं त्यांनाच माहीत. नव्याने लिहिलेले हौशी खेळ इथे पुष्कळदा आपटतात. कमोडोर ६४ पाल या टीव्ही पद्धतीचा असेल तर त्याचं घड्याळ सेकंदाला ९,८५,२४८ ठोक्यांचं, एनटीएससीचा असेल तर १०,२२,७२७ चं. इम्युलेटरमध्ये हे एका टिचकीने बदलतं.

राहता राहिली पडताळणी. मी फ्लॉपी लिहिल्यावर ती परत वाचून घेते, शक्य असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर, आणि नवी इमेज मूळ इमेजशी बाइटाला बाइट ताडून बघते. प्रोग्रॅम 'यशस्वी' म्हणतो त्यावर माझा फारसा भरवसा नाही. यातही एक चकवा आहे. पीसीच्या फ्लॉपीत फरक निघाला आणि तो फक्त पहिल्याच सेक्टरात, पहिले तीन बाइट सोडून पुढच्या आठांमध्ये असेल, तर फ्लॉपी, ड्राइव्ह, केबल कुणाचाच दोष नाही. त्या आठ बाइटांत फ्लॉपी फॉरमॅट करणाऱ्या सिस्टिमचं नाव असतं, आणि विंडोज ९५ ला सवय होती की फ्लॉपी नुसती उघडली तरी तिथे स्वतःची खूण लिहून ठेवायची, पुढच्या वेळी ती ओळखता यावी म्हणून. त्या खुणेत शेवटी आय, एच, सी ही अक्षरं दिसतात. यावर उपाय एकच: वाचायला द्यायच्या आधी फ्लॉपीवर लिहायला मनाई करून ठेवायची. साडेतीन इंचीची छोटी खिडकी उघडी ठेवायची, सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची. आठ इंचीचं मात्र उलटं आहे. तिथे खाच उघडी असली की लिहायला मनाई, आणि झाकली की परवानगी.